अर्ध्या खड्याचा हिशेब

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क पन्नास टक्क्यांवर नेले, तेव्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर कोळंबी, कापड आणि हिरे-दागिने हे शब्द हातात हात घालून झळकले. पुढे वाटाघाटी झाल्या, आकड्यांची घासाघीस झाली. पण हिरे-दागिने म्हटले की आपल्यापुढे येतो तो सराफाच्या काचेच्या कपाटातला हार. तो हार ज्याने घडवला तो माणूस येत नाही. अंधेरीच्या सीप्झमध्ये (१९७३ साली सुरू झालेली ही निर्यात वसाहत, तिच्यात आज इलेक्ट्रॉनिक्सइतकेच, किंबहुना त्याहून अधिक नाव दागिन्यांचे आहे) हजारो हात अमेरिकेतल्या बोटांसाठी अंगठ्या घडवतात. शुल्क वाढले तेव्हा या हातांविषयी चार दिवस हळहळ व्यक्त झाली आणि मग आपण दुसऱ्या बातमीकडे वळलो.

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. शुल्काचा धक्का हा डोळ्यांना दिसणारा धक्का. या धंद्यात त्याच्या कितीतरी आधीपासून एक न दिसणारी उलथापालथ चालू आहे. ती समजून घेतल्याशिवाय शुल्काची मार नेमकी कोणाच्या पाठीवर बसली तेही कळणार नाही, आणि आपण दिवाळीत सुनेसाठी घेतलेल्या अंगठीत आपले पैसे नेमके कशाचे पडले तेही कळणार नाही. ही उलथापालथ झाली आहे संगणकातल्या एका साध्या आज्ञेने. ती आज्ञा अशी : ही वक्ररेषा घे आणि तिच्यावर खडे मांड.

ऐकायला किती क्षुल्लक! पण आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक जडावाचा दागिना म्हणजे वक्ररेषेवर मांडलेले खडे किंवा मोती. पेशवाई नथ घ्या. मध्यभागी ठसठशीत मोती किंवा माणिक, आणि मग नाकाकडे वळताना लहान होत जाणारे मोती. चंद्रकोर घ्या; तिची कमान दोन्ही टोकांना निमुळती, म्हणजे खडाही टोकाला बारीक हवा. कंबरपट्टा, बाजूबंद, कुड्या, कुठेही पाहा, सरळ रेषा औषधालाही नाही. नथ गुंफणारा कारागीर मोत्यांची ताटली पुढे घेऊन बसे, बोटाने मोती इकडून तिकडे सरकवी, एखादा उचलून परत ठेवी, आणि त्याच्या नजरेला उतरण नीट वाटली की तारेत ओवायला घेई. त्याला कोणी विचारले असते की या मोत्याचा व्यास किती, तर त्याने विचारणाऱ्याकडे नुसते पाहिले असते.

हीच नजर जडावाच्या कामात कोंदणाला लागते. कोंदण हा आपल्या भाषेतला इतका सुरेख शब्द की आपण तो साहित्यसंमेलनाच्या भाषणांत वापरून गुळगुळीत करून टाकला. खरे कोंदण म्हणजे खड्याला सोन्यात घर करून देणे. बारीक हिऱ्यांच्या कामात सोन्यात भोक पाडून त्यात हिरा बसवतात, आणि टोकदार पोलादी हत्याराने आजूबाजूच्याच सोन्याचे इवले इवले दाणे उचलून ते हिऱ्याच्या कडेवर दाबतात. डोळ्याला भिंग, पुढ्यात लाखेत पक्का केलेला दागिना, आणि हाताला थरथर माहीत नाही. हिरा किती मोठा? दीड-दोन मिलिमीटर. खसखशीपेक्षा थोडा थोर.

आता संगणकात काय होते ते पाहू. वक्ररेषा संगणकाला शिकवली ती मोटारींच्या कारखान्यांनी. सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलझो यांनी १९५९ च्या सुमारास आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी साठच्या दशकात गाडीच्या पत्र्याचे वळण गणितात पकडण्याची रीत काढली. त्या रीतीला नाव मिळाले बेझिए यांचे, कारण पहिल्या गृहस्थांच्या कंपनीने त्यांचे काम गुपित म्हणून कपाटात ठेवले. त्याच कुळातल्या गणितावर उभा असलेला ‘ऱ्हायनो’ नावाचा कार्यक्रम १९९८ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या एका कंपनीने बाजारात आणला, आणि त्याच्या अंगाखांद्यावर दागिन्यांसाठीचे खास कार्यक्रम वाढले. ‘मॅट्रिक्सगोल्ड’ त्यांपैकीच. मुंबईत आणि सुरतेत कॅडचे वर्ग चालतात तिथे मुले-मुली हेच शिकतात.

गंमत अशी की वक्ररेषेवर सारख्या अंतराने खडे मांडणे संगणकालाही सरळ जमत नाही. कसारा घाटातून जाणारी एसटी डोळ्यांपुढे आणा. दर मिनिटाला खिडकीतून एक झेंडा रस्त्याच्या कडेला टाकला, तर सरळ रस्त्यावर झेंडे लांब लांब पडतील आणि वळणांवर त्यांची गर्दी होईल, कारण वळणावर गाडी हळू चालते. संगणकातली वक्ररेषा आतून अशीच घड्याळावर चालते. तिचे समान भाग केले तर खडे कुठे दाटीवाटीने बसतात, कुठे विरळ पडतात. म्हणून कार्यक्रमाला आधी त्या रेषेची लांबी दोरी लावून मोजल्यासारखी मोजावी लागते आणि मग अंतरावर झेंडे रोवावे लागतात. शिवाय प्रत्येक खड्याचे तोंड पृष्ठभागाच्या काटकोनात, म्हणजे बरोबर आकाशाकडे वळवावे लागते. बाहेरून फुगलेल्या वळणावर हिऱ्यांची खालची टोके एकमेकांकडे सरकतात आणि त्यांच्यामधले सोने पातळ होते. आत खोल गेलेल्या वळणावर वरच्या कडा एकमेकींना भिडतात. हे सगळे कार्यक्रम निमिषार्धात पाहतो आणि जिथे खडे आदळतील तिथे रंग बदलून दाखवतो. खरेच सांगतो, पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी थक्क झालो.

पण खरी मेख आहे ती उरलेल्या जागेची. समजा बोटात पूर्ण गोल हिऱ्यांची अंगठी करायची आहे. आतला व्यास १७.४ मिलिमीटर, सोन्याची जाडी दीड, म्हणजे बाहेरचा व्यास २०.४. त्याचा परीघ झाला सुमारे ६४.१ मिलिमीटर. हिरा दोन मिलिमीटरचा आणि दोन हिऱ्यांमध्ये एक दशांश मिलिमीटर जागा, म्हणजे एका हिऱ्याला लागले २.१. भागाकार करा : साडेतीस. आता अर्धा हिरा कुठून आणायचा? तीस बसवले तर मधली जागा वाढून ०.१४ च्या आसपास होते. एकतीस बसवले तर ती ०.०७ वर येते. जुना कारागीर हा अर्धा खडा नजरेने मुरवी. तळहाताकडच्या बाजूला दोन खडे किंचित लहान घेई, कुठे सोन्याची एक रेघ जाड ठेवी. संगणक तो सगळीकडे सारखा वाटून टाकतो. आणि कार्यालयात बसलेला माणूस एकतीसचाच आकडा निवडतो, कारण पडद्यावर हिरे जितके दाट तितके चित्र देखणे, आणि परदेशातला गिऱ्हाईक चित्र पाहूनच मागणी नोंदवतो.

मधली जागा अर्धी झाली याचा अर्थ हिरा धरून ठेवणारे सोनेही त्याच मापाने घटले. झवेरी बाजाराच्या पोटातल्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, हिरे बसवणाऱ्या एका कारागिराशी मी या विषयावर बोललो. मूळचा हुगळी जिल्ह्यातला, तीस वर्षे मुंबईत. मी त्याला दादा म्हणतो, तो मला साहेब म्हणतो, आणि आमची भाषा मराठी, हिंदी आणि हातवारे यांची. तो म्हणाला, “साहेब, पडद्यावर खडा कधी फुटत नाही. तिकडे पोरगी बटण दाबते, एकतीस. माल माझ्याकडे येतो तेव्हा दाणा उचलायला सोनंच नाही. मी बोललो तर सांगतात, फाईल बरोबर आहे.” खडा फुटला किंवा हरवला तर कोणाच्या खाती, असे मी विचारले. त्याने उत्तर दिले नाही; स्वतःच्या छातीवर बोट ठेवले.

त्या मुलीचीही बाजू आहे आणि ती मी ऐकली आहे. आमच्याच इमारतीतली एक मुलगी अंधेरीला असे आराखडे करते. ती सांगत होती, तिच्यावर दिवसाला इतके नमुने पूर्ण करण्याचे बंधन आहे, आणि सोने किती ग्रॅमच्या आत बसले पाहिजे ते आधीच ठरलेले असते. तिने एखादा हिरा उघड्या डोळ्यांनी क्वचितच पाहिला आहे. दोष तिचाही नाही. तिने आणि त्या दादाने एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही, दोघांच्या मध्ये फक्त एक फाईल ये-जा करते. पूर्वी नमुना काढणारा आणि बसवणारा एकाच चटईवर बसत, भांडत, आणि त्या भांडणातून दागिना टिकाऊ होई.

पुढचा टप्पा तर अधिक निर्णायक आहे. संगणकातला आराखडा यंत्रातून थरांवर थर देत मेणाच्या किंवा राळेच्या प्रतीत छापला जातो. त्यावरून रबराचा साचा, साच्यातून मेणाच्या शेकडो प्रती, आणि मेण वितळवून त्या जागी सोने ओतणे. आता हिरे सोन्यात बसवण्याऐवजी आधी मेणातच बसवतात आणि मग वरून सोने ओततात. हिरा ती आच सोसतो, माणिक आणि नीलम बऱ्याच अंशी सोसतात. पाचू मात्र तडकतो. मऊ मेणात खडा दाबायला दहा वर्षांची उमेदवारी लागत नाही. सेटरची मजुरी खड्यामागे असते. जिथे मेणाचे काम आले तिथे खड्यामागचा तो दर किती राहिला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. म्हणून मी म्हटले, शुल्काची मार पाठीवर बसली, पण ती पाठ आधीच सोलवटलेली होती.

हे सगळे तंत्र इतक्या वेगाने का रुजले? कारण सोने. २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाला टेकला आणि ऑक्टोबरात जागतिक बाजारात औंसाला चार हजार डॉलरचा टप्पाही ओलांडला गेला. मध्यमवर्गाची ऐपत भावाच्या मागे धावू शकत नाही, मग दागिनाच हलका करावा लागतो. जुलै २०२५ मध्ये नऊ कॅरेटचे सोनेही हॉलमार्कच्या चौकटीत आले, म्हणजे हजारात फक्त ३७५ भाग सोने. पाटल्यांच्या काळात वाढलेल्या आपल्या आईला हे सांगितले असते तर तिने त्याला सोने म्हणायलाच नकार दिला असता! हलका दागिना भरीव दिसायला हवा तर त्याचा पृष्ठभाग खड्यांनी झाकला पाहिजे. आणि बारीक खड्यांनी वळणदार पृष्ठभाग झाकण्याचे काम हाताने महाग, संगणकाने स्वस्त. सुरतेत जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात, बारीक हिरा तर आपल्याचकडचा. चाळण्यांतून गाळून, आकारवार पुड्या बांधून तो मुंबईत येतो. सोने महाग, बारीक हिरा मुबलक, संगणक तत्पर. या तीन गोष्टी जुळल्या आणि आपल्या घरातल्या अंगठ्यांचे रूप पालटले.

आता थोडे बँकेचे. नोकरीतली अनेक वर्षे मी सोनेतारणाच्या खिडकीच्या आत बसलो आहे. दागिना पुढे आला की आमचा सराफ तो कसोटीवर घाशी, तराजूत टाकी आणि कागदावर दोन आकडे लिही : एकूण वजन आणि निव्वळ वजन. दोहोंमधला फरक म्हणजे खडे, मोती, लाख, मेण. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या बाईचा चेहरा दुसऱ्या आकड्यावर उतरे. “पण साहेब, त्या खड्यांचेच तर जास्त पैसे घेतले होते दुकानदाराने!” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की माझ्या दोन कादंबऱ्यांत ते उतरले. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोनेतारण कर्जाचे नवे निर्देश काढले. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येईल, पारख कर्जदाराच्या समोर व्हावी, आणि खड्यांपोटी किती वजा केले ते लिहून द्यावे, असे त्यांत आहे. बँकांना ते लागू करायला १ एप्रिल २०२६ ही मुदत दिली होती. लेखी देण्याची अट मला फार मोलाची वाटते. पण खडे हिशेबात धरायचे नाहीत हे तत्त्व तेच आहे.

मघाच्या अंगठीचाच हिशेब करा. तीस हिऱ्यांचा पर्याय घेतला असे समजू. दोन मिलिमीटरचा हिरा साधारण ०.०३ कॅरेटचा, तीस हिरे म्हणजे ०.९० कॅरेट. कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा हिऱ्यांचे वजन ०.१८ ग्रॅम. अंगठीचे एकूण वजन साडेतीन ग्रॅम असेल तर सोने ३.३२ ग्रॅम, तेही अठरा कॅरेटचे, म्हणजे शुद्ध सोने २.४९ ग्रॅम. लाखाच्या भावाने त्याचे २४,९०० रुपये होतात आणि ८५ टक्क्यांनी कर्ज मिळते एकवीस हजारांच्या आसपास. आता घरातली पावती काढून शेजारी ठेवा. या दोन कागदांमधली दरी म्हणजे हिरे, घडणावळ, दुकानाचे भाडे, जाहिरातीतली नटी, आणि त्यातच कुठेतरी तळाशी त्या दादाची मजुरी.

दागिना हौसेसाठी घ्यायचा असेल तर माझी काहीच हरकत नाही. हौसेला मोल नसतेच. पण आपल्याकडे दागिना घेताना ‘अडीअडचणीला उपयोगी पडेल’ हे शब्द उच्चारल्याशिवाय घरधनी खिशात हात घालत नाही, आणि खड्यांनी झाकलेल्या हलक्या दागिन्याला ते शब्द लागू पडत नाहीत. पावतीवर निव्वळ सोन्याचे वजन, त्याचे कॅरेट आणि खड्यांचे वजन वेगवेगळे लिहून घेण्याचा आग्रह धरा. सोन्याच्या वजनात खडे तोलून घेण्याची जुनी युक्ती अजून अगदीच मेलेली नाही. संगणकात तर हे तिन्ही आकडे दागिना घडण्यापूर्वीच तयार असतात. दुकानदाराला ते देणे अवघड नाही. शिवाय ‘एक कॅरेट हिरे’ या शब्दांवर भुलू नका. एक कॅरेटचा एक हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर व्यासाचा असतो. एक एक सेंटचे शंभर हिरे मिळूनही एक कॅरेटच भरतो, पण दोहोंच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर. हॉलमार्कचा सहा अक्षरांचा क्रमांक सोन्याची साक्ष देतो, खड्याची नव्हे.

आणि खडा प्रयोगशाळेत वाढवलेला असेल तर? जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला असाच साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला, तेव्हापासून त्याला प्रतिष्ठा लाभली. तो हिराच आहे, काच नव्हे. पण त्याचा भाव खाणीतल्या हिऱ्याच्या तुलनेत पार घसरला आहे, आणि दीड मिलिमीटरच्या पुडीत दोन जाती मिसळल्या तर नुसत्या भिंगाने त्या निवडता येत नाहीत, यंत्र लागते. विचारा आणि लिहून घ्या, एवढेच सांगतो.

घरातल्या बायकांसाठी आणखी एक. पूर्ण गोल खड्यांची अंगठी पुढे सैल-घट्ट करता येत नाही. जिथे कापायचे तिथे खडाच असतो. बोटे चाळिशीनंतर जाड होतात, बाळंतपणात सुजतात. खालच्या बाजूला थोडे कोरे सोने ठेवलेली अंगठी घ्यावी, आणि कणीक मळताना काढून ठेवावी. तो एकतिसावा हिरा पोळीत जायला वेळ लागत नाही.

आता सरकारकडे वळतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सोनार आहे. पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख रुपये कर्ज, आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये. योजना वाईट नाही. पण ती सोनाराला ऐरणीवर बसलेला पाहते. आज त्याची ऐरण पडद्यावर गेली आहे, आणि पंधरा हजारांत दागिन्यांच्या सॉफ्टवेअरचा अधिकृत परवाना येत नाही, संगणकही धड येत नाही. पाच-सहा कारागिरांनी मिळून एक संगणक, एक परवाना, एक छपाईयंत्र घ्यावे तर त्यांना कर्ज कोण देणार? फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेतला घोटाळा उघडकीस आल्यापासून हिरे या शब्दावर बँकेतल्या माणसाची लेखणी अडते. बुडवले बड्यांनी, आणि फाईल परत येते त्या गल्लीतल्या माणसाची. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे आवडणार नाही, पण बँकेच्या अर्जात ‘वीस वर्षे हिरे बसवतो’ हे लिहायला रकानाच नसतो. तारण काय, ताळेबंद कुठे, विवरणपत्रे आहेत का? यांतले त्याच्याकडे काहीच नसते. त्याचे भांडवल त्याच्या मनगटात आहे आणि मनगट गहाण ठेवता येत नाही.

कॅडच्या वर्गांत सेटरला शिकवायला बोलवावे, अशी साधी सूचना मी एका प्रशिक्षणसंस्थेच्या चालकांना केली. ते हसले. म्हणाले, त्याला इंग्रजी येत नाही. खड्याला इंग्रजी येते की नाही ते मी विचारले नाही.

त्या हुगळीच्या दादाचा धाकटा मुलगा मात्र वसईला राहतो आणि असाच वर्ग करतो. वर्गात त्याला आज्ञा शिकवतात. रात्री जेवताना तो बापाला विचारतो की दीड मिलिमीटरच्या खड्याला दोन्हीकडे किती सोने ठेवायचे. बाप आकडा सांगू शकत नाही. तो एक जुनी अंगठी मुलाच्या हातात देतो, मुलगा ती मापकात धरून मोजतो आणि वहीत टिपून ठेवतो. आत्तापर्यंत अशी अकरा मापे झाली आहेत.